कांचनबुरीचे रूळ

दिवस पहिला : थोनबुरी ते कांचनबुरी

गाडीत चढायच्या आधी बाबा फलाटाच्या कडेला थांबले आणि रुळांकडे बघत राहिले. "मीटरगेज," एवढंच म्हणाले. मिरज-लोंडा मार्ग मीटरगेज होता तेव्हा त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं त्या रुळांवर गेली. पुढे लोणावळ्याला बदली झाली आणि निवृत्तीपर्यंत खंडाळ्याचा घाट. त्यांचं पद पी.डब्ल्यू.आय., म्हणजे रूळ, स्लीपर, खडी आणि गँगमन या चार गोष्टींची जबाबदारी ज्याच्यावर असते तो माणूस. त्यांना निवृत्त होऊनही आता पंधराएक वर्षं झाली.

या प्रवासाला कारण एक पुस्तक. एरिक लोमॅक्स हा एडिंबराचा माणूस, लहानपणापासून रेल्वेवेडा. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर तो जपान्यांच्या हाती सापडला आणि त्याला नेलं कुठे, तर थायलंडहून ब्रह्मदेशात जाणारी रेल्वे बांधायच्या कैद्यांच्या छावणीत. तिथे चोरून रेडिओ आणि नकाशा बनवल्याबद्दल त्याचे हात मोडेपर्यंत त्याला मारलं. त्याचं आत्मकथन 1995 साली आलं. मी ते बाबांना वाचायला दिलं, त्यांनी दोन दिवसांत संपवलं आणि पुस्तक परत देताना म्हणाले, "हा मार्ग अजून आहे का गं? बघायचाय मला."

आहे. सगळा नाही. बँकॉकच्या पश्चिम काठावरच्या थोनबुरी स्टेशनातून रोज सकाळी एक गाडी निघते आणि त्या मार्गाचा जेवढा तुकडा उरला आहे तेवढ्यावरून नामतोकपर्यंत जाते. सगळे डबे तिसऱ्या वर्गाचे, खिडक्या सताड उघड्या, वर पंखे. फेरीवाल्या बायका चिकट भात, तळलेलं चिकन आणि तिखटमीठ लावलेले पेरू विकत फिरतात. नाखोन पथोमचा भला मोठा स्तूप मागे पडला आणि तासाभरात नोंग प्लादुक आलं. छोटंसं जंक्शन. बाबा उठून दारात गेले. मार्गाचा शून्य किलोमीटर इथला. इथून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायातपर्यंत 415 किलोमीटर.

जून 1942 मध्ये मिडवेच्या लढाईत जपानी आरमाराचं कंबरडं मोडलं. रंगूनला रसद पोहोचवायचा मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणारा सागरी मार्ग त्यानंतर धोक्यात आला. म्हणून जंगलातून लोहमार्ग काढायचं ठरलं. ब्रिटिशांनीही पूर्वी याच वाटेचा विचार केला होता आणि डोंगर, पाऊस, रोगराई बघून तो सोडून दिला होता. जपान्यांनी दोन्ही टोकांकडून काम लावलं आणि 17 ऑक्टोबर 1943 रोजी दोन्ही बाजूंचे रूळ कोंकोइता इथे जोडले. एवढ्या मुलखात एवढ्या लवकर कुणीही रूळ टाकू शकत नाही, असं बाबा म्हणाले. माणसांचा हिशेब ठेवायचा नसेल तरच.

हिशेब असा. युद्धकैदी साठ हजारांहून जास्त: ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन आणि काहीशे अमेरिकन. त्यांतले बारा हजारांहून अधिक मेले. आणि आशियाई मजूर दोन लाखांच्या घरात: ब्रह्मी, जावानीज, मलय, चिनी आणि मलायाच्या रबरमळ्यांतले तमिळ. त्यांतले सुमारे 90,000 मेले. हा दुसरा आकडा मला लोमॅक्सचं पुस्तक वाचेपर्यंत माहीत नव्हता. शाळेत शिकले नाही, कुठल्या सिनेमात बघितला नाही.

शेजारचं स्टेशन बान पोंग, पण ते दक्षिणेच्या मुख्य मार्गावर, आमची गाडी तिथे जात नाही. सिंगापूरहून तांदूळ वाहायच्या बंद लोखंडी वाघिणींतून एकेका डब्यात तीसेक माणसं कोंबून, चार-पाच दिवसांनी कैद्यांना तिथे उतरवत. आज नोंग प्लादुकच्या फलाटावर एक मुलगी फुगे घेऊन उभी होती.

कांचनबुरीला उतरल्यावर सामान टाकलं आणि आधी युद्धस्मशानभूमीत गेलो. पुण्यात खडकीची युद्धस्मशानभूमी ज्यांनी पाहिली आहे त्यांना इथली शिस्त ओळखीची वाटेल: तसंच कातरलेलं हिरवळीचं मैदान, तशाच सरळ रांगा, प्रत्येक थडग्याशी एखादं फुलझाड. 6,982 माणसं इथे आहेत. प्रत्येकाच्या पाटीवर नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, वय. वयं 22, 24, 31. खाली कुठे आईने, कुठे बायकोने पाठवलेली एखादी ओळ. दोन थडग्यांत तीनशे जणांची एकत्र राख आहे. कॉलऱ्याने मेले म्हणून त्यांना जाळलं होतं, पण त्यांचीही नावं मंडपात लावली आहेत. दारातल्या फलकावर अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातले 11 जण आहेत. त्यांना थायलंडमधल्या मुस्लिम दफनभूमींत पुरलं होतं, ती थडगी राखणं शक्य झालं नाही, म्हणून नावं इथे कोरली.

शेजारीच रेल्वेच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. तिथली एक गोष्ट बाबांनी मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावली. युद्ध संपल्यावर 1945 च्या शरद ऋतूत, नुकत्याच सुटलेल्या कैद्यांपैकीच काही जण एक तुकडी करून त्याच मार्गावर परत गेले, मित्रांची थडगी शोधायला. कारण छावण्याछावण्यांत कुणी ना कुणी चोरून मेलेल्यांची यादी ठेवली होती. ते कागद बांबूत लपवले होते, बाटलीत घालून पुरले होते. त्या याद्यांवरून 144 दफनभूमींतली 10,549 थडगी सापडली. सापडली नाहीत ती फक्त 52.

"मस्टर ठेवलं होतं त्यांनी," बाबा म्हणाले.

मस्टर हा बाबांच्या आयुष्यातला शब्द. रोज सकाळी गँग कामावर चढायच्या आधी हजेरी. कोण आलं, कोण नाही, का नाही. लहानपणी मी ते लांबट रजिस्टर घरी पाहिलेलं आहे. घाटात दरड कोसळून दोन गँगमन गेले त्या पावसाळ्यात बाबांनी ते रजिस्टर उघडं ठेवून पूर्ण रात्र काढली होती.

"आणि बाकीच्यांचं?" त्यांनी विचारलं. मला माहीत होतं ते कुणाबद्दल विचारत होते.

दिवस दुसरा : पूल

पुलाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण बहुतेक लोक पुलापाशीच थांबतात आणि परत जातात.

पूल खरा आहे, पण जगाने डोक्यात धरलेली गोष्ट खरी नाही. पिएर बूल या फ्रेंच लेखकाची ख्वे नदीवरच्या पुलाची कादंबरी 1952 ची. तो स्वतः या छावण्यांत कधीच नव्हता, त्याची कैद इंडोचीनमध्ये, तीही फ्रेंचांच्याच हाती. तिच्यावरचा 1957 चा सिनेमा श्रीलंकेत चित्रित झाला. कादंबरीतला ब्रिटिश कर्नल शत्रूसाठी उत्तम पूल बांधायच्या ध्यासाने पछाडलेला आहे. खऱ्या छावणीतला वरिष्ठ अधिकारी फिलिप टूझी आपली माणसं जगवण्यासाठी रोज जपान्यांशी हुज्जत घालत होता. नदीचं नावसुद्धा वेगळं होतं. पूल बांधला तो मे क्लाँग नदीवर. सिनेमा पाहून पर्यटक ख्वे नदीवरचा पूल विचारत येऊ लागले, तेव्हा 1960 च्या सुमाराला नदीच्या या भागाला ख्वे याय म्हणायचं ठरलं. जे घडलं त्यापेक्षा जे लिहिलं गेलं ते इतकं बळकट ठरलं की नदीला नाव बदलावं लागलं. हे मला दिवसभर सलत राहिलं.

बाबांनी मात्र पूल पुलासारखा पाहिला. कमानीच्या आकाराचे पोलादी गाळे जावातून उचलून आणलेले, मधले दोन चौकोनी गाळे युद्धानंतर जपानने भरपाई म्हणून बसवलेले. मूळचे 1944-45 च्या बॉम्बहल्ल्यांत पडले. रूळही असेच गोळा केलेले होते, मलायाच्या पूर्व किनाऱ्याचा लोहमार्ग उखडून इकडे आणला होता. म्हणजे एका देशाची रेल्वे मोडून दुसऱ्या देशात टाकली. "आणि माणसंही त्याच देशातून आणली," मी म्हटलं. बाबा काही बोलले नाहीत, कठड्याला टेकून खाली पाण्याकडे बघत राहिले. याच पुलावर 1993 मध्ये लोमॅक्स आणि त्याच्या चौकशीच्या वेळचा जपानी दुभाषा नागासे ताकाशी, दोघेही म्हातारे होऊन, भेटले होते.

दुपारी जुन्या गावातल्या पाक फ्रेक रस्त्यावर गेलो. बूनपोंग सिरिवेज्जभंडू या व्यापाऱ्याचं दुकान इथे होतं, इमारत अजून उभी आहे. छावण्यांना भाजीपाला पुरवायचं कंत्राट त्याच्याकडे होतं. त्या भाज्यांच्या टोपल्यांतून तो औषधं, पैसे, रेडिओच्या बॅटऱ्या पोहोचवायचा. पकडला गेला असता तर काय झालं असतं हे त्याला पुरतं माहीत होतं. कैद्यांच्या कितीतरी आठवणींत त्याचं नाव येतं, बदकाच्या अंड्यांबरोबर. ते अंडं ही छावणीतली फार मोठी गोष्ट होती. रोजचं खाणं म्हणजे सडलेला, पॉलिश केलेला तांदूळ आणि पाण्यासारखी भाजी. पॉलिश तांदळात ब-1 जीवनसत्त्व नसतं, म्हणून बेरीबेरीने पाय सुजत, मग हृदय थांबे. रोज एक अंडं मिळालं तर माणूस तगण्याची आशा असे.

संध्याकाळी पुलाजवळच्या एका आवारात जपानी सैन्याने उभारलेलं स्मारक पाहिलं. काम संपल्यावर 1944 च्या आरंभी रेल्वे रेजिमेंटने ते बांधलं. चार कोपऱ्यांच्या भिंतींवर वेगवेगळ्या भाषांतल्या पाट्या. त्यांत तमिळ पाहून मी जागीच थांबले. ज्यांनी या लोकांना मारलं, त्यांनीच त्यांच्या भाषेत त्यांच्यासाठी पहिला दगड कोरला होता. त्यावर काय वाटून घ्यावं हे मला अजून कळलेलं नाही.

दिवस तिसरा : हेलफायर पास

सकाळी लवकर हिरवी बस. हमरस्त्याने ऐंशीएक किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस आणि टॅपिओका, मग सागाची झाडं आणि चुनखडीचे डोंगर. हेलफायर पासचं संग्रहालय ऑस्ट्रेलियाच्या सरकारने बांधलं आहे, 1998 पासूनचं. कानाला लावायचं यंत्र देतात, त्यातून छावणीतून वाचलेल्यांचे आवाज ऐकू येतात. मग लाकडी पायऱ्यांनी बांबूच्या रानात खाली उतरायचं. बाबांचे गुडघे दुखतात. त्यांनी प्रत्येक पायरीवर थांबून घेतलं, पण परत फिरू या म्हणाले नाहीत.

खाली डोंगर उभा चिरलेला आहे. सुमारे 75 मीटर लांब, खोली 25 मीटरपर्यंत. याला रेल्वेच्या भाषेत कटिंग म्हणतात. बाबांनी भिंतीवर हात ठेवला आणि सुरुंगाची भोकं बोटाने शोधत चालले. एका ठिकाणी ड्रिलचा पोलादी तुकडा दगडातच अडकून राहिला आहे. "हे हाताने केलंय," ते म्हणाले. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, प्रत्येक घावानंतर पहार जराशी फिरवायची. भोक पुरेसं खोल झालं की सुरुंग. मग फुटलेला दगड पाट्यांनी, हातांनी वाहून कड्याखाली टाकायचा. 25 एप्रिल 1943 ला, ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांच्या स्मरणाच्या अॅन्झॅक दिनीच, हे काम सुरू झालं. पुढे 'स्पीडो'चा काळ आला. पहारेकरी दिवसभर हाच शब्द ओरडत, म्हणून त्या महिन्यांना हे नाव पडलं. अठरा-अठरा तासांची पाळी, जोडीमागचं भोकांचं माप सतत वाढवलेलं, आणि वर पावसाळा. रात्री बांबूत तेल घालून पेटवलेले दिवे आणि शेकोट्या. त्या उजेडात हलणाऱ्या हाडकुळ्या सावल्या वरून बघून कुणीतरी या जागेला नरकाग्नीची खिंड म्हटलं.

आता इथे कटिंगच्या मधोमध एक झाड उंच वाढलं आहे. दगडाच्या फटींत छोटे झेंडे आणि कागदी फुलं खोचलेली. काही जुने स्लीपर मातीत अर्धे बुडालेले. वारा नव्हता. बाबा एका दगडावर बसले आणि मी यंत्र बंद केलं.

तिथे बसून जे मनात आलं ते लिहिते.

या छावण्यांत कोण जगलं आणि कोण मेलं याला नशीब होतंच, पण नुसतं नशीब नव्हतं. 'एफ फोर्स' नावाच्या सात हजार कैद्यांच्या तुकडीला बान पोंगहून 300 किलोमीटर पावसात, रात्रीच्या अंधारात चालवत वरच्या छावण्यांत नेलं. त्यांतले तीन हजारांहून अधिक वर्षभरात मेले. पण त्याच तुकडीत ऑस्ट्रेलियनांपेक्षा ब्रिटिश जवळजवळ दुप्पट मेले. छावण्या तशाच, कॉलराही तोच. अभ्यासकांनी याची अनेक कारणं दिली आहेत, माणसांची वयं, आधीची प्रकृती, तुकड्या अखंड होत्या की विस्कटलेल्या. ज्या छावणीत पाणी उकळल्याशिवाय कुणी ओठाला लावत नव्हतं, जेवायच्या आधी डबा उकळत्या पाण्यात बुडवायचा नियम मोडला जात नव्हता, शौचाचे चर खणले जात होते, तिथे माणसं जास्त वाचली. अधिकाऱ्यांना थोडा पगार मिळे, त्याचा मोठा वाटा कापून आजाऱ्यांसाठी अंडी घेतली जात. एडवर्ड 'वेअरी' डनलॉप या ऑस्ट्रेलियन शस्त्रवैद्याच्या छावणीत हा नियम होता, आणि आजारी माणसाला कामावर नेऊ नये म्हणून तो पहारेकऱ्यांसमोर उभा राहून मार खायचा. त्याच्या मृत्यूनंतर 1994 मध्ये त्याची रक्षा इथे आणली.

बांबूचा साधा ओरखडा पायाला आला की त्याचं सडकं क्षत होई, हाडापर्यंत पोचे. धार लावलेल्या चमच्याने ते खरवडत, भूल न देता. ब्रह्मदेशाच्या बाजूला अल्बर्ट कोट्स या डॉक्टरने बांबूच्या झोपडीत शंभराहून अधिक पाय कापले. कॉलऱ्यात शरीरातलं पाणी जातं, म्हणून बांबूची सुई आणि स्टेथोस्कोपची नळी जोडून उकळलेलं मिठाचं पाणी शिरेत सोडत. याची चित्रं आहेत. जॅक चॉकर, रोनाल्ड सर्ल यांच्यासारख्या कैद्यांनी मिळेल त्या कागदावर ती काढली आणि जीव धोक्यात घालून लपवली. 2014 चं बुकर मिळालेली रिचर्ड फ्लॅनागनची कादंबरी त्याच्या वडिलांच्या आठवणींतून उगवली. वडील डनलॉपच्या माणसांपैकी एक होते, कैदी क्रमांक 335. मुलगा बारा वर्षं लिहीत होता, आणि कादंबरी पूर्ण झाल्याचं त्याने वडिलांना सांगितलं त्याच दिवशी ते गेले.

म्हणजे या छावण्यांचं साहित्य आहे, आणि चांगलं आहे. ते उरलं कारण त्या माणसांकडे कागद होता, डॉक्टर होते, हुद्दे होते, यादी ठेवणारा कुणीतरी होता, परत गेल्यावर ऐकून घेणारं घर आणि छापणारा प्रकाशक होता. मी हे त्यांचं दुःख कमी लेखायला म्हणत नाही. त्यांच्या थडग्यांशी मी परवा रडले आहे.

पण याच खिंडीच्या मागेपुढे, याच नदीकाठी तमिळ मजुरांच्या छावण्या होत्या. जपान्यांनी मलाया घेतल्यावर रबर परदेशी जाणं थांबलं, मळे बंद पडले, मजुरांची चूल विझली. मग जाहिराती आल्या: तीन महिन्यांचं काम, रोज एक डॉलर, घर, औषधपाणी. जे आपणहून गेले नाहीत त्यांना धरून नेलं. मलायातून असे पाऊण लाखाच्या आसपास लोक गेले. त्यांत बायका होत्या, मुलं होती. मळ्यावर एक कंगाणी असायचा, मुकादम, गावाकडून माणसं आणणारा. इथे तोही नव्हता, असला तरी त्याच्या हाती काही नव्हतं. पाणी उकळा असं सांगणारं कुणी नव्हतं. सांगितलं असतं तरी उकळायला भांडं नव्हतं. मे-जून 1943 मध्ये कॉलरा आला तेव्हा त्यांच्या झोपड्यांतून पहारेकरीच पळाले, मेलेले आणि अर्धमेले एकाच खड्ड्यात गेले. पुढे जपान्यांनी सिंगापूरहून कैदी डॉक्टरांच्या 'के फोर्स' आणि 'एल फोर्स' अशा दोन लहान तुकड्या मजुरांसाठी आणल्या. मिळून साडेतीनशेच्या आसपास माणसं, हाताशी औषध जवळजवळ नाही. तमिळ मजुरांचे हाल बाहेरच्या जगाला कळले ते बरेचसे या गोऱ्या डॉक्टरांच्या रोजनिशींतून. त्यांची स्वतःची रोजनिशी नाही.

बाबा म्हणाले, "आपला बोर घाट आठव." मी आठवतच होते. 1863 साली घाटातून गाडी सुरू झाली. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर तिथे कड्याला लटकून सुरुंग लावत होते, आणि कॉलऱ्याने हजारोंनी मेले. इंजिनियरांची नावं पुस्तकांत आहेत. बाबांनी त्याच बोगद्यांची उभी हयात देखभाल केली, पण तो बोगदा खणणाऱ्या एकाही माणसाचं नाव त्यांना सांगता येत नाही. "छत्तीस वर्षं," ते म्हणाले. "मी कधी विचारलंसुद्धा नाही." मी त्यांचा हात धरला आणि आम्ही सावकाश वर आलो.

परतीसाठी नामतोकहून दुपारची गाडी पकडली. वांग फो इथे रूळ कड्याला चिकटून लाकडी टेकूंवरून जातात, खाली ख्वे नोई नदी. गाडी माणूस चालतो त्या वेगाने जाते. खिडकीतून हात काढला तर कड्याच्या दगडाला लागेल. पर्यटक फोन बाहेर धरून उभे होते. बाबा डोळे मिटून चाकांचा आवाज ऐकत होते. टेकूंचं लाकूड बोलतं, असं ते घाटातल्या पुलांबद्दल म्हणत.

मला मात्र 1944 सालची एक गोष्ट आठवत होती. आझाद हिंद सेनेच्या तुकड्या सिंगापूरहून रंगूनकडे निघाल्या त्या याच रुळांवरून. त्यांत झाशीच्या राणीच्या नावाच्या पलटणीतल्या मुलीही होत्या. त्यांतल्या पुष्कळ मलायाच्या रबरमळ्यांतल्या तमिळ मजुरांच्या लेकी. बंद वाघिणींतून, बॉम्बच्या भीतीने बरेचदा रात्री. ज्या स्लीपरांवरून त्या जात होत्या ते सहा महिन्यांपूर्वी त्यांच्याच मळ्यांतल्या कुणीतरी खांद्यावरून आणले होते. त्यांना ते माहीत होतं का, आणि माहीत असेल तर त्या अंधारात एकमेकींशी काय बोलल्या असतील, याचा विचार करत मी कांचनबुरीपर्यंत आले.

दिवस चौथा : वात थावोर्न

बँकॉकची बस दुपारची होती. सकाळी युद्धस्मशानभूमीजवळच्या वात थावोर्न वराराम या देवळात गेलो. गावातले लोक त्याला वात युआन म्हणतात. इथे मजुरांच्या सापडलेल्या अस्थी एकत्र ठेवून त्यांवर स्मारक बांधलेलं आहे. नावांचा फलक नाही, कारण नावंच नाहीत. 1990 मध्येही गावाबाहेरच्या एका शेतात खणताना अशीच शेकडो हाडं निघाली होती. शेजारच्या भिंतीपलीकडे प्रत्येकाला फुलझाड, आणि इथे हजारोंना मिळून एक चौथरा.

आम्ही पोचलो तेव्हा मलेशियाहून आलेलं एक तमिळ कुटुंब तिथे होतं. एक आजी, तिचा मुलगा, सून, दोन नातवंडं. त्यांनी कापूर लावला, नारळ फोडला, पानावर भात, वडा आणि केळं ठेवलं. बाबा चपला काढून थोडे लांब उभे राहिले. बाहेर झेंडूची माळ मिळाली ती मी आणली होती, ती त्यांच्या हातात दिली. आजींनी मान हलवून पुढे या म्हटलं.

नंतर ओट्यावर बसून बोललो, इंग्रजीत, मध्ये मुलगा तमिळ करून देत होता. आजींच्या वडिलांचा थोरला भाऊ मळ्यावरून गेला तो परत आला नाही. सयाम मरण रयिल, ते लोक या मार्गाला म्हणतात. त्यांच्या घरात हा शब्द मोठ्याने बोलायची मनाई होती. पण आजींची आजी आडी अमावास्येला एक पान जास्तीचं वाढायची. तिथी माहीत नाही त्याचं अमावास्येला करतात ना, आपल्याकडे सर्वपित्रीला करतात तसं. पान वाढून ती दाराबाहेर बघत बसायची. कावळा शिवला तरी उठायची नाही. तो मेला असं तिने कधी तोंडाने कबूल केलं नव्हतं, म्हणे.

बाबांनी खिशातून डायरी काढली. निवृत्त झाल्यावरही ती सवय गेलेली नाही. "त्यांचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

आजी थांबल्या. मुलाकडे बघितलं, मग चौथऱ्याकडे. नाव त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या आजीने कधी नाव घेतलंच नाही, ती त्याला पेरियवन म्हणायची. थोरला.

बाबांनी तारीख घातली, खाली एक रेघ ओढली, अनुक्रमांक लिहिला आणि पुढे ते नाव लिहिलं. आजींनी डायरी हातात घेतली. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. "वाचून दाखवा," त्या म्हणाल्या.

बाबांनी वाचलं.

आजींनी मान हलवली आणि तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला, हळू, एकेक अक्षर. बाबा 'री' म्हणत होते, ते 'रि' होतं, आणि शेवटचा 'न' अर्ध्यावर सोडायचा नव्हता. बाबांनी लिहिलेलं खोडलं, खाली नव्याने लिहिलं आणि पुन्हा वाचलं. चौथ्यांदा वाचलं तेव्हा आजी "आमा", म्हणजे हो, म्हणाल्या, आणि डायरी त्यांच्याकडे परत दिली.